हरकती मागवण्यात येत आहेत

वॉशिंग्टनच्या आमच्या सरकारी ऑफिसातून पर्यावरणाच्या नोटिसा निघतात. आम्ही हरकती मागवतो आणि कुणीही काही कळवत नाही. त्यामुळे दलदलीवरच्या नव्या पुलाबद्दल खरोखरीचं पत्र आलं, तेव्हा सगळ्यांनी आनंदाने डोनट मागवले.

आमच्या प्रमुख लॉरेटा मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. "पुलाचं काय ते तुम्ही बघा. पण नोटिशीवर सही करणारा ऑरिन हल्ली घरी फिरकत नाही. त्याचा परिणाम तपासलात का?"

ऑरिन लालेलाल झाला. "मॅडम, हे पत्र माझ्या आईचं आहे हो."

"असू दे. प्रत्येक हरकतीला जाहीर उत्तर द्यायचं, नियम आहे."

 

सोमवारी राजपत्रात छापून आलं: "हरकत मान्य. ऑरिन आईकडे जेवून आल्याशिवाय पुलाचं काम सुरू होणार नाही."