बोलकं तळं

“हा नको. याचा आवाजच येत नाही,” काका म्हणाले.

दुकानाच्या मालकीणबाईंना वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. परसातल्या तळ्यासाठी फिल्टर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाची एकच रड असायची: पंप घुमतो, झोपमोड होते, काहीतरी मुकाट चालणारं दाखवा. आणि हे गृहस्थ मुकाट चालतो म्हणून फिल्टर नाकारत होते!

काकांना कमी ऐकू येत असेल, असं समजून बाईंनी आवाज चढवला. “काका, पाणी गाळून स्वच्छ झाल्याशी मतलब ना?”

“अहो, ओरडता कशाला? कान शाबूत आहेत माझे,” काका हसले. “स्वच्छ तर हवंच, माशांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण आवाजही हवा. ते तळं आमच्या हिने स्वतः खणलंय. हल्ली ती परसात पाऊल टाकत नाही. मुलगा म्हणतो, बुजवून टाका.”

बाईंच्या डोळ्यांपुढे हिरवं, कुबट पाणी आलं. पाऊल टाकणार तरी कोण तिथे?

त्यांनी वेगळा फिल्टर काढला. पाणी वर चढवायचं, स्पंजच्या थरांतून गाळायचं आणि दगडांवरून परत तळ्यात सोडायचं.

“वीज गेली तर?”

“बॅटरी जोडता येते.”

“मग जोडाच.”

फिल्टर बसवायला बाई स्वतः गेल्या. पाणी त्यांच्या अंदाजाइतकंच हिरवं निघालं. पंप सुरू झाला, दगडांवरून धार पडू लागली. काका कपड्यांच्या दोरीपाशी गेले, डोळे मिटून उभे राहिले.

“आणखी थोडं उंचावरून पडू द्या.”

मग पायरीवर, मग कुंपणापाशी. दर वेळी डोळे मिटलेले. बाई दगड रचून रचून घामाघूम झाल्या. दुसरं कुणी असतं तर त्यांनी चार शब्द सुनावले असते. पण या माणसाकडे बघून त्यांना कौतुकच वाटत होतं. बायकोची हौस पुरवावी तर अशी! त्यांच्या घरच्या माणसाला तर त्या चहात साखर घेतात की नाही, हेही अजून ठाऊक नव्हतं.

“जमलं!” कोपऱ्यातून काका म्हणाले आणि त्यांनी घराकडे हाक दिली, “अगं, ये बाहेर!”

काकू दारात आल्या. पायरीवर क्षणभर थबकल्या, मान जराशी कलती केली. मग झपझप गवतातून चालत आल्या आणि तळ्याच्या काठापासून हातभर अंतरावर थांबल्या. चेहरा उजळला होता. काकांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

“कित्ती छान बोलतंय!” काकू म्हणाल्या. “अहो, त्या फिल्टरवाल्या बाई गेल्या का? आभार मानायचे होते.”

बाई त्यांच्या अगदी समोर उभ्या होत्या.