भिंतीकडची खुर्ची

शिवराजला आपले हात सापडेनात.

मांडीवर ठेवले होते, एवढं आठवत होतं. डावा खाली, उजवा वर. आता तिथं काहीच नव्हतं. कोपरापासून खाली नुसती भुरभुर, टॉवेलच्या कारखान्यात मागाभोवती कापूस उडतो तशी. मग खांदे गेले. छाती गेली. श्वास चालू होता, पण तो कोण घेतंय तेच कळंना.

ध्यानाच्या शिबिराचा सहावा दिवस. दुपारची बैठक. या तासाला हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. हॉलमध्ये साठ माणसं दगडासारखी बसलेली. तीन रात्री शिवराजच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. काल जेवताना आईनं हाक मारली ती त्यानं साफ ऐकली. आई होती सोलापुरात, घरी.

काल त्यानं गुरुजींना गाठलं होतं. "गुरुजी, लई भ्या वाटतंय."

"येतं आणि जातं," गुरुजी मायेनं म्हणाले. "नुसतं बघत राहा."

त्यांची चूक नव्हती. जेवढं सांगितलं तेवढ्यावर ते बोलले. फॉर्मवर विचारलं होतं, मनाच्या आजारावर औषध चालू आहे का? शिवराजनं ठोकून दिलं, नाही. दोन वर्षांमागं अशीच झोप उडाली, आवाज यायला लागले, आठवडाभर दवाखान्यात होता. तेव्हापासून रोज एक गोळी. गोळी खाणाऱ्याला पोरगी कोण देणार, हा मुक्ताबाईंचा, म्हणजे त्याच्या आईचा, घोर. शेजारचा रिक्षावाला गुरुराज याच शिबिरातून येऊन निवळला होता. शिव्या गेल्या, तंबाखू गेली, बायको हसायला लागली. "त्याचं एवढं सुटलं, तुझी गोळी सुटंल की," आई म्हणाली. शिवराजनं येतानाच गोळ्या बंद केल्या.

आता त्यानं डोळे उघडले. राहवेना.

आणि तो परत बघतच होता.

भिंतीकडच्या खुर्चीवरचा म्हातारा. गुडघे धरलेले म्हणून त्याला खुर्ची. सगळ्यांचे डोळे बंद, ह्याचे टक्क उघडे, आणि थेट शिवराजवर. तिसऱ्या दिवसापासून हेच. जेवणाच्या रांगेत, ताट धुताना नळावर, जिथं तिथं ते डोळे. विचारायची सोय नाही, दहा दिवस मौन, बोलायचं ते फक्त गुरुजींशी, तेही हळू. दवाखान्यात जायच्या आधी पण असाच एक माणूस दिसायचा. फक्त शिवराजला दिसायचा.

त्याच्या अंगाला घाम सुटला. अंग नव्हतं, पण घाम होता.

म्हाताऱ्यानं हात उचलला. दोन बोटं जुळवली आणि फटकन अलग केली.

शिवराजला ही खूण पाठ होती. चाळीस माग एकदम खडखडतात तिथं बोंब मारून उपयोग नसतो. कामगार हातानं बोलतात. ह्याचा अर्थ, सूत तुटलं.

मग म्हाताऱ्यानं मूठ आवळली आणि छातीकडं ओढली. माग बंद कर.

अठराव्या वर्षी कामाला लागला तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. सूत तुटलं की माग चालू ठेवायचा नाही. माग किती का चांगला असंना, सगळं कापड वाया जातं. भास असंल तर असू दे, शिवराजच्या मनात आलं. बोलतोय ते खरं हाय.

तो उठला. पाय बधिर, दोनदा गुडघ्यावर आपटला. साठ माणसांच्या मधनं गुरुजींपाशी पोचला आणि सहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "गुरुजी, मी फॉर्मवर खोटं लिवलंय. मला गोळ्या चालू हुत्या. मीच बंद केल्या."

गुरुजींचा चेहरा उतरला. पण आवाज चढला नाही. "आता डोळे मिटायचे नाहीत, बाळा. माझ्याजवळ बस. घरी फोन लावतो. आजच डॉक्टरकडं जायचं."

तासाभरात गुरुराजची रिक्षा फाटकाशी आली. मुक्ताबाई मागं बसलेल्या, पदरात गोळ्यांचं पाकीट घट्ट धरून. खुर्चीवरचा म्हातारा शिवराजची बॅग घेऊन लंगडत बाहेर आला. शिवराज दोन हात लांबच राहिला.

"काय रं, सहातच आउट?" गुरुराज हसत म्हणाला. मग शिवराजचं तोंड बघून हसू आवरलं. म्हाताऱ्याकडं वळला. "द्या बाबा, बॅग हिकडं द्या."

शिवराजला रडूच फुटलं. गुरुराजला पण म्हातारा दिसत होता.

"कशाच्या मागावर हाईस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"टॉवेल. तुमी?"

"चादरी. चौतीस वर्सं. ज्ञानबा म्हणत्यात मला. बसणं वाईट न्हाय, पोरा. माझी दारू ह्या बसण्यानंच सुटली. पर तू आधी डाक्टरला इचार. आन लिवायचं ते खरं लिव."

शिवराजनं डोळे पुसले. "पर बाबा, तुमी नियम मोडला की. मौनात खुणा पण करायच्या न्हायत."

ज्ञानबानं बॅग गुरुराजच्या हातात दिली. 

"मागच्या खेपेला पाळला हुता," तो म्हणाला. "तुज्या जागेवर माझा धाकटा भाऊ बसला हुता. आता तो मला वळखत बी न्हाय. हीच खूण केली हुती त्यानं मला, सूत तुटल्याची. मी नियम पाळला, पोरा. डोळं मिटून घेतलं."