शिपाईणबाईचं काम

"अहो बाई, पोरीला हिरॉइनपासून ओढायचंय, कुरवाळायचं नाही! पुन्हा घ्या!" दिग्दर्शक खेकसला.

बालगृहाच्या शिपाईणीचं हे काम मी मागून घेतलं, कारण सिनेमात हिरॉइनच्या लेकीचं काम करणारी पोर माझीच आहे. घरात वेगळी खोली नाही म्हणून दीड वर्षापूर्वी बालकल्याण समितीच्या मॅडम तिला घेऊन गेल्या. मला महिन्यातून अर्धा तास भेट. सिनेमाला मात्र एका अर्जावर अख्खे वीस दिवस.

त्याच मॅडम आज सल्लागार म्हणून दिग्दर्शकाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. त्या फक्त माझी फाइल ओळखतात.

सहा वेळा मी चुकले. सहाही वेळा पोर माझ्या कुशीत शिरून कुजबुजली, "आई, अजून एकदा चूक ना."

"आता जमलं नाही तर दुसरी बाई आणतो!" दिग्दर्शकाने दम भरला.

मग मात्र मॅडमनी तेव्हा ओढलं होतं, अगदी तसंच दंडाला धरून मी तिला ओढलं. पोर तशीच किंचाळली. सेटवर सगळे रडले.

डोळे पुसत मॅडम माझ्यावर कडाडल्या, "काळीज आहे की दगड? आईपासून लेकरू असं ओढतात?"