एक पाय आखूड

धाकटीला जुळं झालं त्या वर्षी आई स्वतःचं घर विसरू लागली. थोरल्याने कॉम्प्युटरवर जुन्या स्वयंपाकघराचं चित्र केलं. ओटा, कपाट, भांडी, सगळ्या वस्तू इंटरनेटवरून तयार उचललेल्या. आईने ते पाहुणीसारखं पाहिलं. "छान आहे हो. कुणाचं घर?"

चित्रातल्या वस्तू कॉम्प्युटरवर आपणच घडवायला शिकावं का, असं त्याने धाकटीला विचारलं.

"एका चमच्यापायी महिना घालवणार? दादा, सुतारसुद्धा एवढा वेळ लावत नाही. आणि तोवर तिला आपण तरी आठवू का?"

तो दोन दिवस घुटमळला आणि मग शिकायला बसलाच. सगळ्यात सोपं म्हणून आधी स्टूल घेतलं. घरात होतं तसंच उतरलं, हिरव्या रंगाचं, एक पाय आखूड. चित्रात ते माळ्याखाली ठेवून त्याने आईला दाखवलं.

आई ताडकन उठून बसली. "अहो, चढू नका त्यावर! डुगडुगतंय ते!"

"ओळखलं, दादा, ओळखलं!" धाकटी ओरडली.

त्याच स्टुलावरून पडून वडील वारले होते, धाकटीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी.