दोन सिटांची गाडी

लिओनला गाडीत बसता आलं, उठता काही येईना.

एक पाय बाहेर, एक आत, हात दाराला. जहाजाच्या इंजिनरूमच्या शिड्या चढून-उतरून गुडघे कधीच कामातून गेलेले. आणि ती लाल गाडी जमिनीला अशी चिकटलेली, की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसण्यासारखं. शेवटी शोरूममधल्या विक्रेत्या मुलीने, स्वप्नाने, हात दिला आणि मॅन्युएलने, लिओनच्या मोठ्या भावाने, बगलेत धरून त्याला वर ओढलं.

"अरे मेल्या, घेऊच्या आदीच ही गत!" मॅन्युएल म्हणाला. "वाडीतल्या साकवार हिचा पोट घासतला. आणि बसतला कोण हेच्यात? दोगांचीच गाडी ती!"

"ही पांढरी बघा ना सर," स्वप्ना लगबगीने म्हणाली. "हीसुद्धा स्पोर्ट्सच आहे. पळायला काही कमी नाही. चार दारं, पाच माणसं आरामात बसतात."

"ही बग! हेका म्हणतत गाडी," मॅन्युएल म्हणाला. लिओन गुडघा चोळत राहिला.

दमला होता बिचारा. आजचं दमणं नव्हे ते. महिन्यापूर्वी जहाज कायमचं सोडून तो मालवणला आला आणि तेव्हापासून नुसता झोपत होता. झोपून उठला की पुन्हा दमलेलाच. त्याचं जहाज मोटारी वाहून नेणारं. पोटात माळ्यांवर माळे आणि प्रत्येक माळ्यावर पट्ट्यांनी बांधलेल्या कोऱ्या गाड्या. काम संपलं की लिओन कधीकधी खाली जायचा. एखादी लाल, बुटकी गाडी दिसली की तिच्यावर हात ठेवून उभा राहायचा. बंदर आलं की कोणीतरी यायचं, तिच्यात बसायचं आणि भुर्रकन घेऊन जायचं. लोकांच्या गाड्या पोचवण्यात सगळं आयुष्य गेलं. त्यातली एक आपली असावी, एवढं एकच त्याने स्वतःसाठी मागितलं होतं. बाकी सगळं घरासाठी, भावांसाठी, भाचरांसाठी झालं होतं.

पण एकट्याने गाडी बघायला जायची सोय कुठे? आमच्याकडे माणूस बोटीवर निघाला की अर्धी वाडी पोचवायला जाते, आणि परत आला की तीच अर्धी वाडी आणायला. नाही गेलं तर लोक काय म्हणतील! आधी दाबोळीच्या विमानतळावर जायचे, आता मोपाच्या विमानतळावर जातात. भाड्याची मोठी गाडी ठरते. पुढे मॅन्युएल, कारण थोरला. मधे लिओन, एका अंगाला मावशी, दुसऱ्या अंगाला शेजारी, आणि बांदा येईपर्यंत सगळ्यांचे प्रश्न. कार्मीन, म्हणजे लिओनची बायको, अगदी मागे बॅगांत. नवरा नऊ-नऊ महिन्यांनी येणार आणि हिने बॅगा सांभाळायच्या! निघताना रडायचं तेही मागेच. असं दर खेपेला चाललं होतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. खुद्द लिओनलाही नाही.

आजही तसेच आले. मावशी बाहेर गाडीत पंख्यासमोर बसून राहिली, शेजारी चहा शोधायला गेला. कार्मीन मागच्या सीटवरून पिशव्यांमधून वाट काढत उतरली आणि शोरूमच्या सोफ्यावर येऊन बसली. लिओनने दोनदा तिच्याकडे बघितलं. ती लाल गाडीकडे बघत होती. तिला हा पोरखेळ वाटत असणार, असं त्याला वाटलं. वाटणारच. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी!

"पांढरीच घेवया," लिओन म्हणाला. आवाजात काही जीव नव्हता. आयुष्यभर सगळ्यांच्या सोयीने झालं, आता हेही होऊ दे, आणखी वाद घालायचं त्राण नव्हतं त्याच्यात.

"आता कसो बोललंस!" मॅन्युएलने त्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्या कोणाक मोपाक आणूक जावचा झाला, तर सगळी मावतली. मी फुडे, तू गाडी चालय, बाकीची मागे."

लिओनने जाता जाता लाल गाडीच्या टपावर हात ठेवला, जहाजावर ठेवायचा तसा. मग काढून घेतला. एवढंच. स्वप्ना पांढऱ्या गाडीचं दार उघडायला वळली.

तेवढ्यात कार्मीन उठली. साडी सावरत लाल गाडीपाशी आली आणि वाकून आत डोकावली.

"बाय, हेच्यात मागे शीट नाय मा?" तिने स्वप्नाला विचारलं.

"नाही मॅडम," स्वप्ना ओशाळून म्हणाली. "दोनच सीट आहेत."

"नक्की? उघडून-बिघडून पण होवची नाय?"

"नाही हो."

कार्मीनने चपला काढल्या, देवळात काढाव्यात तशा, आणि डाव्या बाजूने आत शिरली. टेकता टेकता ती धपकन बसलीच. कंबरेत कळ आली असणार, पण तोंड वाकडं केलं नाही.

"अगो, भायर ये!" मॅन्युएल ओरडला. "तुका उठूक गावचा नाय!"

"उठूचा कोणाक आसा, दादानू?" ती म्हणाली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर हात आपटला.

लिओन तिच्या दाराशी येऊन वाकला.

"इतकी वर्सा मागसून तुजी मानच बगलंय, लिओन," कार्मीन म्हणाली. "आता बाजूक बसान तोंड बगूचा आसा. हीच घे."