नायगाव एक्स्चेंज

शोधाशोधीच्या चौथ्या दिवशी रेणुकादासांना ते सापडलं. इंटरनेटवरून बोलायचं सॉफ्टवेअर, कुणाच्या मालकीचं नाही, आणि आतलं सगळं उघडं. कुणीही बघावं, बिघडलं तर ज्याला येतं त्यानं नीट करावं. नायगावच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा पाठीमागचा पत्रा काढला की असंच सगळं दिसायचं. तिथं ऑपरेटरच्या खुर्चीत त्यांची उमर गेली होती.

"झालं का धुंडाळून?" शेंगा फोडता फोडता विमलताई म्हणाल्या. "पोरगी रोज लिहून राहिली, बरी आहे म्हणून. लिहिलेलं पुरत नाही का तुम्हाला?"

नव्हतंच पुरत. इरा नोकरीला गेली त्या मुलखात नेहमीच्या ॲपवरून बोलायला सरकारची बंदी, आणि साधा फोन परवडायचा नाही. तीन महिने नुसती अक्षरं. अक्षरांचं काय, कशीही उभी करा! आवाजाचं तसं नसतं हो. ट्रंक कॉलच्या काळात पलीकडच्या पहिल्या 'हॅलो'वरूनच रेणुकादासांना कळायचं, बातमी बारशाची की मयताची. कळलं की ते लाईन जोडून द्यायचे आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवायचे. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा त्यांचा धर्म.

इरानं तिकडं तेच सॉफ्टवेअर घेतलं. दुपारची वेळ ठरली. पंखा मंद फिरत होता. हेडफोन लावून रेणुकादास डोळे मिटून बसले, तर कानात खांबांवरच्या तारा गुणगुणायला लागल्या. गावामागून गाव गेलं, मग समुद्र, मग नुसती वाळू. त्यांना वाटलं, आपण खुर्चीसकट तारेवरून वाहत चाललोय.

"हॅलो?"

एवढंच. हा बारशाचा आवाज नव्हता. रेणुकादासांना कळायचं ते कळलं. पण सवय कुठं जाते? तोंडून निघून गेलं, "नायगाव. थांबा, जोडून देतो." हेडफोन विमलताईंच्या कानावर ठेवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

विमलताई दहा मिनिटं बोलल्या, पोटभर हसल्या.

"ऐकलंत का? मजेत आहे म्हणते! खायला, राहायला, सगळं लई छान. उगीच जीव टांगणीला लावून बसला होता तुम्ही." लाईन तशीच चालू सोडून, हेडफोन टेबलावर ठेवून त्या चहा टाकायला आत गेल्या.

रेणुकादास हेडफोनकडं बघत राहिले. मग जन्मात पहिल्यांदा, जोडून दिलेल्या लाईनवर ते परत गेले.

"इरा, आई आत गेली," ते हळूच म्हणाले. "आता सांग."

पलीकडून मग हुंदका आला. सॉफ्टवेअर मात्र चोख निघालं, खरखर नावालाही नव्हती.

"रड, बाळा," ते म्हणाले. "लाईन मी धरून बसलोय."