स्विचबोर्डावरच्या चिठ्ठ्या

यज्ञेशची हळद झाली त्या वर्षी, सत्तरीत अक्षरं शिकलेल्या आजोबांनी स्विचबोर्डावर चिठ्ठ्या चिकटवल्या: ‘पाण्याची मोटार’, ‘अंगणातला दिवा’. पाहुणे येण्याआधी नवरदेवाच्या बहिणीने, हेमांगीने, त्या खरवडल्या. “आजोबा, लोक हसतील. घरात सगळ्यांना ठाऊक आहे.” “आनि नव्या सुनंला?” हेमांगी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलवर, म्हणजे तिच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमवर, काम करायची. महिनाभराने एका प्रोसेसरकडून अनेक संगणकांचं काम करवणाऱ्या सोयींना तिने आद्याक्षरांची नावं दिली. वरिष्ठांनी ती परत पाठवली: “तुला कळतं गं. नवीन येणाऱ्याला कोण सांगणार?”  सगळी नावं तिने पूर्ण लिहिली. मानपाड्याला घरी येऊन आजोबांपुढे कोरा कागद ठेवला. “पुन्हा लिहा ना.” “आता कशाला गो? तीनदा टाकी वाहवून, सासूची बोलनी खाऊन सुनंला पाठ झालं.” कागद कोराच राहिला. आजोबा त्या कोजागिरीला वारले.